डाव्या हाताचं मधलं बोट

‘महाराष्ट्र’ हा शब्द संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धतीनं लिहायचा तर शिफ्ट न मोजता दहा वेळा कळ दाबावी लागते, आणि त्यातल्या पाच वेळा राबतं ते डाव्या हाताचं मधलं बोट. काना त्याच्याकडे, अक्षराचा पाय मोडायचा तर तो त्याच्याकडे, आणि ‘म’सुद्धा त्याच्याकडेच. इंग्रजीतल्या ई, डी आणि सी या एकाखाली एक असलेल्या तीन कळा. शिस्तीनं टाइप करणाऱ्याच्या हातात त्या तिन्ही याच बोटाच्या वाट्याला येतात. ‘महात्मा’मध्ये तर सातांतले पाच. मराठीत काने किती, जोडाक्षरं किती, आणि आपण ‘म’वर किती अवलंबून आहोत, हे व्याकरण शिकताना मला कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं एका सप्टेंबरात, सकाळी पोह्यांची कढई उचलताना.

सप्टेंबर म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी अंकांची लगीनघाई. मी अक्षरजुळणी करते, मुद्रितं तपासते, पानं लावते. त्या दिवसांत बारा-बारा तास खुर्चीत जातात. कढई उचलली आणि त्या बोटातून कोपरापर्यंत कुणीतरी तार ओढल्यासारखी कळ गेली. पोहे ओट्यावर सांडले. आई म्हणाली, “अगं, लक्ष कुठंय तुझं?” लक्ष कुठं असणार, ते रात्री दोनपर्यंत एका कथेतल्या अनुस्वारांवर होतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. बोट दाखवलं तर तिनं बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपराखाली चार बोटं अंतरावर, दंडगोलासारख्या त्या मांसल भागात, अंगठा रुतवला. मी ओरडले. “इथंच आहे ताई तुमचं बोट,” ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की बोटांत स्नायू नसतातच. हलवणारे स्नायू काही तळव्यात आणि बाकीचे कोपर ते मनगट या टप्प्यात, बोटात नुसत्या दोऱ्या येतात. कळसूत्री बाहुलीचा हात हलतो, दमतो मात्र वर बसलेला माणूस. एकतीस वर्षं टाइप करून मला माझ्याच हाताची ही रचना ठाऊक नव्हती.

तिनं व्यायाम दिले, शेक सांगितला, मनगट मागं मोडून टाइप करायचं नाही असं बजावलं. आणि शेवटी विचारलं, “मध्ये उठता ना?”

मी “हो” म्हणाले. खोटं बोलले.

घरी येताना तोच प्रश्न डोक्यात. पूर्वी मी उठायचे, हे नक्की. मग बसायला कधी लागले?

अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपोझिटर होते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळातल्या छापखान्यात तीसेक वर्षं त्यांनी खिळे जुळवले. ते बसायचेच नाहीत. समोर उतरत्या चौकटीवर केस, केसमध्ये खणच खण, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणातून खिळा उचलून स्टिकमध्ये ठेवणार, आणि डाव्या हाताचा अंगठा तो खिळा पडू नये म्हणून दाबून धरणार. आठ तास तो अंगठा दाबलेला. म्हातारपणी त्यांचा तो अंगठा पूर्ण सरळ होत नसे, आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरांची वेलबुट्टी उमटलेली होती. आमच्या घराण्याचं नशीब डाव्या हातात आहे, असं मी ज्योतिष्याला सांगू शकेन.

पण त्यांच्या कामाला खंड होते. स्टिक आठ-दहा ओळींत भरायची. मग त्या ओळी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून गॅलीवर नेऊन ठेवायच्या, म्हणजे चार पावलं चालणं आलं. गॅली भरली की मजकूर दोऱ्यानं गच्च बांधायचा. मग शाईचा रूळ फिरवून प्रूफ काढायचं. प्रूफ वाचायला गेलं की बाहेर टपरीवर चहा. आणि छपाई झाली की जुळवलेला सगळा मजकूर सोडून खिळा न् खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. लहानपणी मी ते पाहायला जाऊन बसायचे. खिळे खणात पडताना बारीक पावसासारखा आवाज येई, अण्णा त्या वेळी गप्पा मारत, गुणगुणत. जुळवताना त्यांना हाक मारलेली चालत नसे.

हे मी जुन्याची आरती ओवाळायला सांगत नाही. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. घरी आल्यावर हात राखेनं घासल्याशिवाय आई त्यांना ताटाला शिवू देत नसे, आणि रोज रात्री गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ उतरते यावर त्यांची श्रद्धा होती. छापखान्यात उजेड चाळीसच्या एका पिवळ्या दिव्याचा. ते काम मला नको होतं, आणि मी ते करावं असं त्यांनाही वाटत नव्हतं. मुलगी पंख्याखाली बसून काम करते याचा त्यांना अभिमान होता.

मी मराठी तीसची आणि मग चाळीसची टायपिंगची परीक्षा दिली ती टाइपरायटरवर. तिथं ओळ संपत आली की ‘टिंग’ वाजायचं आणि हात उचलून दांडा सरकवावा लागे. दर ओळीला एकदा हात कळांवरून निघायचा. कागद संपला की नवा घाला, कार्बन लावा, सरळ बसला का पाहा. तेव्हा ही कटकट वाटायची.

मग डीटीपी आलं. पहिल्या नोकरीत संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचो, देवळात जावं तसं. एसी आमच्यासाठी नव्हता, यंत्रासाठी होता. मॉनिटरच्या फुगीर काचेपुढे आणखी एक काळसर काच टांगलेली असे. ती किरणं अडवते अशी समजूत होती, प्रत्यक्षात ती फक्त दिव्याची तिरीप कमी करायची. पण तेव्हाही पानांचे ट्रेसिंगवर प्रिंट काढून सायकलवरून छापखान्यात न्यावे लागत. प्रूफं लेखकाच्या घरी पोचवावी लागत. एक वयस्कर लेखक प्रूफ हातात पडल्यावर “बस गं, लगेच पाहून देतो” म्हणत आणि तासभर त्यांच्या झोपाळ्यावर बसून मी वहिनींच्या हातची कोकमाची सरबतं पीत असे.

आता प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं आणि “पान ४७, ओळ ३, ‘कि’ दीर्घ” असं उत्तर चार मिनिटांत येतं. छापखाना चाकणजवळ कुठंतरी आहे म्हणतात, मी तो पाहिलेला नाही. दांडा गेला, कार्बन गेला, ट्रेसिंग, सायकल, झोपाळा सगळं गेलं. प्रत्येक सोय आली तेव्हा मी खूश होते. प्रत्येक सोयीबरोबर उठायचं एक निमित्त जातंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. शरीराच्या आलं असेल, पण ते मुद्रितशोधकासारखं. समासात बारीक खूण करतं आणि गप्प बसतं.

बसण्याचं हे दुखणं नवं नाही. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. 1713 च्या आवृत्तीत त्यानं त्यात लेखनिक-कारकुनांचं प्रकरण घातलं. त्यांच्या दुखण्याची कारणं त्यानं तीन सांगितली : एका जागी बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर सतत असणारा ताण. तेव्हा बोरू-पिसं होती, वीजसुद्धा नव्हती. तिसरं कारण वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागं रेलले. पहिली दोन कुणीही सांगेल. पण चुकीची भीती खांद्यात जाऊन बसते, हे तीनशे वर्षांपूर्वी कळलेल्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. र्‍हस्व-दीर्घ पाहताना माझे खांदे कानांच्या दिशेनं वर चढतात. भाचीनं एकदा फोटो काढून दाखवला. पावसात भिजलेल्या कावळ्यासारखी दिसत होते.

मानेचं दुखणं बोटाच्या दुखण्याआधीपासूनचं. घरात त्याला सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणायचे, आणि त्या शब्दाला कुणी प्रश्न विचारत नाही. एक्स-रे काढला. डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले, “झीज आहे.” संपलंच. झीज हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. झिजलेला खिळा म्हणजे कागदावर पुसट, तुटकं अक्षर. अण्णा तसे खिळे वेचून बाजूला काढायचे, पुन्हा वितळवायला. रात्री मी फोनवर मणक्यांबद्दल वाचत पडले. बारा तास स्क्रीन पाहून मान दुखते म्हणून तेराव्या तासाला, उशीवर मान मोडून, पुन्हा स्क्रीन. पहाटे तीनपर्यंत मी स्वतःला लकव्यापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांनी फिल्म पाहिली, हातांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाले, “पन्नाशीच्या शंभर जणांचे एक्स-रे काढा, बहुतेकांत हे दिसेल. त्यातले कितीतरी आरामात फिरत असतात. चष्मा कुठला वापरता?”

चष्मा? मान दाखवायला आले होते मी.

चाळिशी लागली तेव्हा मी ते प्रोग्रेसिव्ह भिंग घेतलं होतं. वरून लांबचं, खालून जवळचं. पुस्तक आपण खाली धरतो, तिथं ते भिंग बरोबर बसतं. पण स्क्रीन समोर असतो. समोरची अक्षरं भिंगाच्या खालच्या भागातून पाहायची तर हनुवटी वर उचलावी लागते. मी सहा वर्षं, दिवसाचे दहा-बारा तास, हनुवटी उचलून बसत होते. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई फार मानी आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, “तुमच्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून आणा. अंदाजानं नको.” घरात टेप सापडेना. अण्णांच्या खणात जुळवलेला मजकूर बांधायच्या दोऱ्याचं रीळ अजून आहे, तपकिरी, मेणचट. आईनं एक टोक माझ्या डोळ्याच्या कडेला धरलं, दुसरं मी स्क्रीनला लावलं आणि तिथं गाठ मारली. तो दोरा मी तसाच पाकिटात घालून नेला. डॉक्टर हसले, पण त्यांनी तो पट्टीवर ठेवून मोजला. चोवीस इंच. त्याच अंतराचा, फक्त संगणकापुरता, एक साधा एकाच नंबरचा चष्मा केला. स्क्रीन चार बोटं खाली उतरवला. तीन आठवड्यांत मानेचं दुखणं निम्म्यानं उतरलं. सहा वर्षांचा स्पॉन्डिलायटिस दोन फूट दोऱ्यानं मोजता येत होता.

मधल्या काळात मी निळा प्रकाश अडवणारा चष्माही घेऊन बसले होते. दुकानदारानं एक छोटी विजेरी मारून कागदावर जादू दाखवली होती, आणि मी भाळले. 2023 मध्ये ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा निघालं ते असं, की साध्या भिंगांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही दिसत नाही. माझा तो चष्मा आता भाचीच्या नाटकातल्या प्राध्यापकाला लागतो.

डोळ्यांचं खरं दुखणं त्यामानानं अगदीच गावठी निघालं. आपण पापणी लववायची विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे पाच-सातवर येते. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पडदा असतो त्यावर तेलाचा एक सूक्ष्म थर असतो, तो पापणीच्या प्रत्येक हालचालीबरोबर नव्यानं पसरतो. सारवलेली जमीन जशी पुन्हा पुन्हा सारवावी लागते तसं. सारवण थांबलं की भेगा. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि गंमत म्हणजे पाणीही येतं. भाचीनं शेजारी बसून माझं मिनिट मोजलं. सहा भरलं. “मावशी, तू पालीसारखी बघतेस,” म्हणाली.

आणि वीस-वीस-वीसचा नियम. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद पाहायचं. जवळचं पाहताना डोळ्यातला एक कडीसारखा स्नायू आवळून बसतो, लांब पाहिलं की तो सैल सुटतो. वीस फुटांपलीकडे त्याला जवळजवळ काहीच काम उरत नाही. नेत्रतपासणीचा तक्ता वीस फुटांवर टांगतात तो उगीच नाही. नियम सोपा आहे. अडचण इतकीच, की माझ्या खोलीत वीस फूट नाहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा. पुण्यात मध्यमवर्गीय घरात बसल्या जागी वीस फूट कुणाकडे असतील तर त्यानं जपून ठेवावेत. पूर्वी आमच्या गॅलरीतून पर्वती दिसायची. आता मध्ये रीडेव्हलपमेंटचे अकरा मजले उभे आहेत. पेशवे ज्या टेकडीवर चढून जायचे ती मला माझ्या डोळ्यांच्या स्नायूसाठी हवी होती, पण तशी हरकत सोसायटीच्या सभेत कशी नोंदवणार?

तर उठून गॅलरीत जावं लागतं, आणि तिथून दिसतात त्या समोरच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. सात काळ्या, दोन पांढऱ्या. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी त्या टाक्यांकडे टक लावून पाहते. त्यामुळे कुठल्या टाकीचा बॉल-कॉक बिघडलाय, कुणाचं झाकण उडालंय, कुठल्या टाकीवर कावळा पोळीचा तुकडा भिजवून खातो, हे सगळं मला ठाऊक झालं. टाकी वाहायला लागली की मी तिथल्या वॉचमनकाकांना हाक मारते. आता ते मोटर सुरू करताना वर माझ्या गॅलरीकडे पाहतात. एकदा मी तीन दिवस गावी गेले तर त्यांनी आईला विचारलं, “ताई बऱ्या आहेत ना? पाणी वाहून गेलं काल.” वीस सेकंदांची विश्रांती घ्यायला गेले आणि बिनपगारी नोकरी लागली.

पण खरं सांगायचं तर त्यामुळेच मी उठते. मोबाइलवर गजर लावून पाहिला होता, दर वीस मिनिटांनी वाजणारा. चौथ्या दिवशी हात आपोआप तो बंद करायला लागला, वाक्य न तोडता. आरोग्यासाठी उठणं मला जमत नाही. स्वतःसाठी उठणं हे आमच्या पिढीतल्या बाईला उधळपट्टी वाटतं. कुणाचं तरी पाणी वाहून जातंय म्हणून उठणं मात्र लगेच जमतं. हे कळल्यावर मी निमित्तं पेरायला सुरुवात केली. टेबलावरची लिटरभराची बाटली काढली आणि फुलपात्र ठेवलं, दोन घोटांत संपणारं. तांब्या स्वयंपाकघरात. शब्दकोशाचे जाड खंड हाताशी होते ते बाहेरच्या खोलीत सर्वांत वरच्या फळीवर चढवले. त्यातला एखादा शब्द संगणकावर चुटकीसरशी सापडतो, हे मी स्वतःला कळू देत नाही.

टेबलाखालच्या पाटांची गोष्ट सांगायची राहिली. बाजारातलं टेबल तीस इंच उंच असतं आणि मी पाच फूट. टेबल आणलं तेव्हा खांदे वर, मनगटं मोडलेली. म्हणून खुर्ची चढवली, तर पाय लोंबकळायला लागले आणि मांड्यांना खुर्चीची कड रुतायला लागली. पायाखाली काहीतरी हवं होतं. फडताळात आजीच्या वेळचे दोन शिसवी पाट होते, पितळी फुल्या मारलेले. मी एकावर एक ठेवून त्यावर पाय टेकवले. आईनं पाहिलं. “पाटाला पाय लावतेस? त्यावर बसून तुझ्या आजोबांनी संध्या केलीय.” मी खाली उतरवले. दोन दिवसांनी सकाळी पाहिलं तर टेबलाखाली पाट पुन्हा होते, त्यांवर तिच्या जुन्या नऊवारीची चौपदरी घडी घातलेली. पाटाला पाय लागत नव्हते. लुगड्याला लागत होते, त्याला तिची हरकत नसावी. आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

आणि अक्षरांचा आकार. दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या सुरुवातीलाच लेखनाच्या क्रियेवर एक समास आहे. अक्षर कसं वळवावं, ओळी कशा राखाव्यात, सगळं तिथं आहे. त्यात समर्थ रामदास एक अगदी घरगुती गोष्ट सांगून जातात, की तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम लिहावं. मी हा समास पूर्वी मुद्रितासाठी दोनदा तपासलेला आहे, काना-मात्रा पाहत. सांगितलेलं ऐकलं ते आत्ता. आमच्या धंद्यात पूर्ण पान एका नजरेत दिसावं म्हणून अक्षरं मुंगीएवढी ठेवून काम करायची प्रौढी असते. मी आता दीडशे टक्क्यांवर करते. पान अर्धंच दिसतं. खाली सरकवावं लागतं. सरकवताना पापणी लवते, हेही पाहून ठेवलंय.

बोट पूर्ण बरं झालेलं नाही. ‘म’ मुद्दाम दुसऱ्या बोटानं दाबून पाहिला, पण एकतीस वर्षांचा हात ऐकत नाही. ‘मामा’ला ‘नाना’ होतो. या वर्षीच्या अंकांचं काम सुरू झालंय. काल दुपारी एका दीर्घ लेखाच्या शेवटच्या पानावर होते, ‘महात्मा’ हाच शब्द आलेला. म, ह, काना, त, पाय मोडला, आणि बाहेर धो धो पाण्याचा आवाज. डावीकडून तिसरी, झाकण उडालेली. मी लुगड्यावरून पाय काढले, चपला शोधल्या नाहीत, तशीच गॅलरीत गेले आणि वॉचमनकाकांना हाक मारली. ते जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा, मोठ्यानं मारली. आत स्क्रीनवर तो ‘त्’ एक पाय मोडून उभाच होता.